ठकूबाईचा डोळा

घाला, हात घाला आत. भिऊ नका, विंचूबिंचू काही नाही. बाईमाणसाचा हात थेट खांद्यापर्यंत जातो, पुरुषाचा दंडाशी अडकतो. पलीकडून कुणी बोटं धरली तर दचकू नका, शेजारची वच्छी असेल. पाहुणे आले की तिला तेवढाच खेळ.

ह्या खडकदऱ्यात कुठल्याही घरात शिरा, दोन घरांच्या मधल्या भिंतीला असं एक भोक दिसेल. जात्यावर बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्याला झडप नाही, जाळी नाही. जाती गेली, गिरणी आली, मातीच्या भिंती पडून सिमेंटच्या उभ्या राहिल्या, तरी भोक आहे तिथंच आहे. मागं एका परगावच्या गवंड्यानं भिंत गुळगुळीत करून दिली आणि भोक ठेवायचं विसरला. भिंत फोडून भोक पाडेपर्यंत घरमालकिणीनं त्याला जेवायला वाढलं नाही. तुमच्यासारखे लोक विचारतात, हवेसाठी आहे का, विस्तव द्यायला-घ्यायला आहे का. तसलं काही नाही. ह्याला आम्ही डोळा म्हणतो. चोर दिसावा म्हणून तुम्ही दारावर कॅमेरा लावता ना, तसा आमचा हा. फरक एवढाच की कॅमेऱ्याच्या पोटात कधी दुखत नाही, आणि हा डोळा पोटदुखीतूनच उघडला. बसा त्या ओट्यावर, सांगतो. मध्येच फोन घेतला तर पुन्हा पहिल्यापासून सांगणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

फार पूर्वीची गोष्ट. घाटानं मिठाचे बैल वर यायचे त्या काळातली. गावात तेव्हा दहा-बारा घरं होती म्हणे. त्यातलं एक लांबलचक घर दोन भावांचं. थोरला रायाजी, धाकटा सुभान. दोन चुली एका छपराखाली नीट जळेनात, म्हणून भाऊ वेगळे झाले आणि घराच्या मधोमध कच्च्या विटांची भिंत घातली. भिंत घालून तिसऱ्या दिवशी दोघे भाऊ एकाच बांधावर तंबाखू मळत बसलेले लोकांनी पाहिले. पुरुषांचं ते तसंच असतं. बायकांचं तसं नव्हतं.

रायाजीची बायको ठकूबाई. कामाला वाघ, जिभेला तिखट. तिच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिच्या माहेरी पटकी आली आणि आई, बाप, एकुलता एक भाऊ, सगळे एका आठवड्यात गेले. घर पडलं, त्या जागी निवडुंग माजला. पंचमी येवो, दिवाळी येवो, ठकूबाईला न्यायला त्यानंतर कुणी आलं नाही.

सुभानची बायको गुणा. तिला तीन भाऊ, एकापेक्षा एक धिप्पाड. दर पंचमीला त्यातला एक बैलगाडी जुंपून तिला न्यायला यायचा. माहेरवाशिणीला न्यायला येतो त्याला मुराळी म्हणतात, हे तुम्हा मुलींना आता सांगावं लागतं, कारण तुम्ही स्वतःच गाडी चालवत माहेरी जाता. तर गुणाचा मुराळी यायचा, टोपलीभर कानवले आणायचा, बहिणीला हिरवं लुगडं आणायचा. गाडी वेशीबाहेर पडेपर्यंत बैलांच्या घुंगरांचा आवाज ठकूबाईच्या अर्ध्या घरात ऐकू यायचा. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

जमीन दोघींना सारखीच होती. ठकूबाईला दोन मुलगे होते, गुणाला बऱ्याच वर्षांनी एक मुलगी झाली. म्हटलं तर ठकूबाईला काही कमी नव्हतं. पण हेवा असा हिशेब विचारून येत नाही हो. त्यात म्हातारी सासू वाटणीच्या वेळी म्हणाली, मी धाकटीकडे राहते, तिचा आवाज मऊ आहे. झालं. ते एक वाक्य ठकूबाईनं जन्मभर उगाळलं.

ठकूबाईचं जातं मधल्या भिंतीला लागून होतं. एक दिवस दळता दळता तिनं जात्याचा खुंटा काढला आणि विटांच्या सांध्यात टोकरत बसली. बोटभर फट पडली. डोळा लावला तर पलीकडचं सगळं घर दिसत होतं. गुणाची चूल, गुणाची पेटी, दारापर्यंत सगळं. त्या दिवशी पीठ जाडंभरडं निघालं असं सांगतात, कारण बाईचं लक्ष जात्यात नव्हतं.

मग ते तिचं रोजचंच झालं. गुणानं पेटीत काय ठेवलं, काय काढलं, पुतळ्यांची माळ कधी घातली, कुठल्या लुगड्याला कुठं ठिगळ लावलं, सासूला गरम भाकरी वाढली की शिळी, सारं ठकूबाईला पाठ. तिचे तिन्ही भाऊ ती चालीवरून ओळखायची. एक गोष्ट तर तिनं अशी पाहिली की जी गुणा सोडून घरातल्या कुणाला ठाऊक नव्हती. मुराळी आला की सासू आग्रहानं त्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायची. तो दोन्ही हातांनी घ्यायचा, ओठांपर्यंत न्यायचा, आणि सासूची पाठ वळली की सगळं पाणी हळूच दाराबाहेरच्या तुळशीत ओतायचा. तिन्ही भाऊ, दर वर्षी, न चुकता. पहिल्यांदा ठकूबाईला वाटलं, केवढा हा माज, बहिणीच्या घरचं पाणी चालत नाही. मग ध्यानात आलं. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही ही त्या घराण्याची रीत होती, आणि तसं तोंडावर सांगून म्हातारीला दुखवायचंही नव्हतं. हे समजल्यावर तिला जास्तच जळायला झालं. आपल्या घरचं पाणी ओतून द्यायलासुद्धा कुणी उरलं नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिनं जात्यावर असा हात चालवला की वरची पाळी निखळायला आली.

गुणा काही आंधळी नव्हती. पाठीवर कुणाची नजर आहे हे बाईला कळतं. तिनं फट हुडकली आणि शेणमातीचा गोळा दाबून बुजवून टाकली. दुसऱ्या दिवशी फट पुन्हा उघडी. गुणा सकाळी लिंपायची, ठकू दुपारी टोकरायची. असं कित्येक दिवस चाललं. शेवटी पाणवठ्यावर सगळ्या बायकांच्या देखत गुणा म्हणाली, "जाऊबाई, तुमचा माझ्या घरावर डोळा आहे."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ठकूबाई घागर कमरेवर घेऊन म्हणाली, "तुझ्या घरात आहे काय डोळा ठेवण्यासारखं?" आणि तरातरा निघून आली. पण शब्द लागला. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. फट मात्र बंद झाली नाही. लिंपायचा गुणालाच कंटाळा आला.

त्या साली पंचमी चार दिवसांवर आली होती. बाजरीची खुरपणी जोरात होती आणि गाव झाडून रानात होतं. गुणा पोरीला पाजून, पाळण्यात निजवून, सासूच्या भरवशावर गेली होती. सासूला दिसायचं कमी, माणूस आवाजावरूनच ओळखायची. पलीकडे ठकूबाई घरीच होती, कारण तिच्या पायात बाभळीचा काटा मोडून पाय ठणकत होता. ती पाय लांब करून दळत बसली होती.

उन्हं चांगली वर आली असताना गुणाच्या दारात दोन माणसं येऊन उभी राहिली. मिठाच्या बैलांबरोबर तेव्हा चोरही घाटानं वर चढायचे. वाटेवरच्या विहिरीशी बसून बायकांची बोलणी ऐकायची आणि नावंगावं पाठ करून घरात शिरायचं, ही त्यांची तऱ्हा.

"आजी, मी गुणाचा चुलतभाऊ," त्यातला एक म्हणाला. "थोरल्याला ताप भरलाय म्हणून मला धाडलं. गुणा रानात भेटली. म्हणाली, आजच निघू, तू घरी जाऊन माझी लुगडी नि डागदागिने बांधून आण, मी वाटेवरच्या वडाखाली थांबते."

म्हातारीला काय, आनंदच झाला. मुराळी लवकर आला म्हणजे सून लवकर परतणार. तिनं आधी पाण्याचा तांब्या दिला. ठकूबाईनं जातं थांबवलं आणि फटीला डोळा लावला.

तो माणूस तांब्यातलं पाणी घटाघटा प्याला. सगळं प्याला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "आणखी आहे का, आजी?"

ठकूबाईला तिथंच कळलं. हा त्या घराण्यातला नाही. हा चोर आहे.

आता नीट ऐका. रान जवळच होतं. तिनं बसल्या जागेवरून एक हाळी दिली असती तर माणसं धावली असती. पण तिनं हाळी दिली नाही. ती तशीच बसून राहिली. म्हातारीनं पेटी उघडली. पुतळ्यांची माळ निघाली, नथ निघाली, चांदीचे वाळे निघाले, ते हिरवं लुगडं निघालं. एकेक वस्तू चोराच्या पंच्यात पडत होती आणि ठकूबाईच्या काळजात गार गार वाटत होतं. ती मनाशी म्हणाली, नेऊ दे. सगळं जाऊ दे. दर वर्षी मी हिची घुंगरं ऐकते. ह्या वर्षी खरा मुराळी येईल तेव्हा हिच्याकडे नेसून जायला धड लुगडं नसेल. एक पंचमी तरी हिला माझ्यासारखी कळू दे. असं ती म्हणाली. मी काही पदरचं घालत नाही, तिनंच पुढं सांगितलं म्हणून आम्हाला ठाऊक. मग तिनं पुन्हा जातं फिरवायला घेतलं, पलीकडचं ऐकू येऊ नये म्हणून.

दुसऱ्यानं गाठोडं पाठीवर मारलं. दोघे निघणार, तेवढ्यात म्हातारीनंच घोळ केला. "अरे, तान्हीला ठेवून गुणा जाईलच कशी? पोरीलाही घे की," असं म्हणून ती चाचपडत मधल्या भिंतीपाशी गेली, पाळण्यातनं पोर उचललं आणि त्या माणसाच्या हातात दिलं. नको म्हणावं तर सोंग उघडं पडतं, म्हणून त्यानं ते घेतलं. पोर रडलं.

तो आवाज जात्याच्या घरघरीतूनही ठकूबाईला ऐकू आला. तिनं पाहिलं. चोराच्या हातात कुंची घातलेली ती पोर होती. पुढं काय होणार हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. पायांतल्या साखळ्या काढून घेतील आणि पोर दरीच्या कडेला टाकून देतील.

ठणकत्या पायानं दारापर्यंत जायला वेळ नव्हता. तिनं जात्याचा खुंटा उपसला आणि त्या फटीवर असा घातला की कच्च्या दोन विटा पलीकडे पडल्या. त्या भोकातून तिनं उजवा हात खांद्यापर्यंत घातला. चोर भिंतीला लागूनच उभा होता. त्याच्या गळ्याभोवती गुंडाळलेल्या उपरण्याचं लोंबतं टोक तिच्या मुठीत आलं, आणि वर्षानुवर्षं दळून दगड झालेला तो हात तिनं मागं ओढला. चोराचं डोकं भिंतीवर आपटलं.

"आत्याबाई, पोर काढून घ्या," ती ओरडली. "हा चोर आहे. गुणाचे भाऊ पाणी पीत नाहीत."

म्हातारीला ते पाण्याचं काही समजलं नाही, पण चोर म्हटल्यावर तिनं पोर हिसकावलं आणि कणगीआड जाऊन बसली. दुसरा गाठोडं घेऊन पळाला. ह्यानं शेजारी भिंतीला टेकलेलं मुसळ उचललं आणि भिंतीतून आलेल्या हातावर घातलं. एकदा, दोनदा, तीनदा. हाड मोडल्याचा आवाज म्हातारीनं ऐकला. मूठ सुटली नाही. ठकूबाई अशी ओरडत होती की रानातली माणसं खुरपी टाकून धावली आणि चोर भिंतीला तसाच बांधल्यासारखा सापडला.

गाठोडं मात्र घाटात उतरलं ते उतरलंच.

वैदूनं हात बांबूच्या काड्यांत बांधला. सगळं गाव ठकूबाईच्या ओट्यावर लोटलं. जो तो तिचे गोडवे गात होता. गुणा तर तिचे पाय सोडायला तयार नव्हती. ती पोरीला तिच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "जाऊबाई, मी तुम्हाला नाही नाही ते बोलले."

हात मोडला तेव्हा जेवढं दुखलं नाही तेवढं हे ऐकताना ठकूबाईला दुखलं. तिनं बायकांना घरी जायला सांगितलं आणि गुणाला बसवून घेतलं.

"तू बोललीस ते खरंच होतं," ती म्हणाली. "माझा डोळा होता. तो पाणी प्याला तेव्हाच मी ओळखलं. तुझी माळ पेटीतून निघायच्या आधी मला कळलं होतं. मी गप्प बसले. मला बरं वाटत होतं."



"ते पाणी ओततात हे तुम्हाला कसं ठाऊक?" गुणानं विचारलं. "मी ह्यांनाही कधी सांगितलेलं नाही."

"सहा वर्षं बघतेय."

गुणानं पोर उचललं आणि ती आपल्या घरी गेली. दिवस मावळायच्या सुमाराला ठकूबाईला भिंतीपलीकडून शेणमाती कालवल्याचा आवाज आला. थापट्या ऐकू येऊ लागल्या. ती भिंतीकडे पाठ करून बसली. बुजवते आहे, बुजवू दे, ते तिच्या हक्काचं आहे, असं ती मनाशी म्हणाली आणि तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पाहते तर भोक होतं तसंच होतं. गुणानं ते बुजवलं नव्हतं. फुटक्या विटांच्या धारा लिंपून तिनं कडा गोल, गुळगुळीत केल्या होत्या, पुन्हा कधी हात घालावा लागला तर खरचटू नये म्हणून. पलीकडे गुणा वाट बघत बसली होती.

"माझे भाऊ ओळखणारं ह्या गावात तुमच्याशिवाय कुणी नाही," ती म्हणाली. "माझी सासू ओळखत नाही, नवरा ओळखत नाही. जाऊबाई, तुमचा डोळा असू दे माझ्या घरावर."

"माळ गेली तुझी," ठकूबाई म्हणाली.

"माळ गेली, त्याचा राग मला आहे आणि राहणार," गुणा म्हणाली. "पण डोळा असू दे."

पंचमीला खरा मुराळी आला, तिघांतला मधला. गाडी त्यानं गुणाच्या दारी न सोडता ठकूबाईच्या दारी सोडली. ठकूबाईनं डाव्या हातानं त्याला तांब्या दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि ओठांपर्यंत नेला. ठकूबाई मुद्दाम पाठ वळवून गुळाचा खडा शोधायला लागली. शोधता शोधता तिनं तिरक्या नजरेनं मागं पाहिलं. मुराळी तिच्या दारातल्या झेंडूच्या मुळाशी सगळं पाणी ओतत होता. गूळ काही तिला लवकर सापडला नाही, असं सांगतात.

त्या पंचमीला गाडीत दोघी जावा बसल्या. म्हणून ठकूबाई सुधारली असं समजू नका. गाडीत पुढची जागा गुणाला मिळाली म्हणून ती परत येईपर्यंत धुसफुसत होती. गुणाची नवी माळ झाली तेव्हा दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. वाकड्या हातानं दळत, डोळा लावून, ती मरेपर्यंत जळत राहिली, आणि ती होती तोवर गुणाच्या घरातून सुई गेली नाही. गाव हे बघत होतं. पुढच्या साली ज्यानं त्यानं आपापल्या भिंती फोडल्या.

आजही आमच्या गावातली बाई परगावी निघाली की पिशवी खाली ठेवून त्या भोकाशी वाकते. "डोळा आहे ना?" असं विचारते. पलीकडून "आहे" ऐकू आलं की मगच निघते. आणि गावात नवी सून आली की तिला देवाच्या आधी शेजारच्या दारी नेतात. शेजारीण बाहेर येते, सुनेचे डागदागिने बघते, लुगड्याचा पदर बोटांत धरून बघते, मागं उभ्या असलेल्या तिच्या भावांकडे एकेक करून बघते. मग सासू शेजारणीला सगळ्यांच्या देखत विचारते, "हिचा हेवा करशील ना?" शेजारीण म्हणते, "करीन." तेव्हा कुठं सून उंबरठ्यावरचं माप ओलांडते.